दोन ‘किमान’ आणि आपला घामाचा पैसा

(अमळनेर येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत वित्तीय साक्षरता ताईंनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढं ‘क्रेडिट कार्ड’ एवढंच लिहिलंय. हा विषय आपला नाही, शहरातल्या नोकरदार बायांचा आहे, असं काही जणींना वाटेल. दहा वर्षांपूर्वी मीही तेच म्हटलं असतं. पण आता बाजाराच्या दिवशी स्टँडजवळ छत्री लावून बसलेला पोरगा आपल्यालाच हाक मारतो, “ताई, कार्ड घ्या, फुकट आहे.” कुणाला मुदत ठेवीवर कार्ड मिळतं, कुणाच्या मुलाला नोकरी लागल्याबरोबर येतं. आता तर रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, म्हणजे भाजीवालीच्या क्यूआर कोडवरही उधारीनं पैसे देता येतात. तेव्हा विषय आपल्या उंबऱ्याच्या आत आलेला आहे.

कार्ड वाईट असतं असं मी सांगणार नाही. विळी काही वाईट नसते, ती कशी धरायची ते माहीत पाहिजे. आपल्या जळगाव जिल्ह्याची लीड बँक असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियानं १९८० सालीच आपलं क्रेडिट कार्ड काढलं होतं. म्हणजे ही वस्तू चाळीस-पंचेचाळीस वर्षं जुनी आहे. नवीन आहे ते तिच्याबरोबर येणारं बक्षीस, आणि त्या बक्षिसाला लावलेली अट. त्या अटीचा हिशोब आज आपण फळ्यावर मांडू. वह्या काढा.

आधी एक घोळ मिटवू

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी किसान क्रेडिट कार्ड आहे. ते १९९८ पासून आहे. नाव सारखं, पण काम वेगळं. किसान कार्ड म्हणजे पीककर्ज. तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेवर फेडलं तर सरकारच्या सवलतीमुळं ते वर्षाला चार टक्क्यांनी पडतं. बाजारातल्या पोराचं कार्ड म्हणजे खर्चाची उधारी. ती वेळेत फेडली तर व्याज शून्य, नाही फेडली तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. चार टक्के वर्षाला आणि साडेतीन टक्के महिन्याला, हा फरक मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. साडेतीन गुणिले बारा किती? बेचाळीस. बरोबर.

पहिला ‘किमान’: खर्चाची अट

कार्ड देणारा म्हणतो, “पहिल्या नव्वद दिवसांत किमान तीस हजार खर्च करा, हजार रुपयांचं व्हाउचर मिळवा.” किंवा “वर्षात किमान पन्नास हजार खर्च करा, फी माफ.” प्रत्येक कार्डाचा आकडा वेगळा, पण चाल एकच. मी सोयीचे आकडे घेते, तुम्ही तुमच्या कार्डाचे घाला.

समजा, आपल्या गटातल्या एका ताईनं असं कार्ड घेतलं. फी ४९९ रुपये. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो जवळपास ९० रुपये. म्हणजे ५८९ रुपये गेले. व्हाउचर हजाराचं. खरा फायदा किती? ४११ रुपये.

आता ताईच्या घरचा महिन्याचा खर्च बघा. किराणा चार हजार, गॅस नऊशे, लाइट बिल नऊशे, मोबाइलचं रिचार्ज सहाशे, औषधं सहाशे. झाले सात हजार. दूध, भाजी, दळण, बस हे बहुतेक रोखीत, ते धरले नाहीत. तीन महिन्यांचे एकवीस हजार. अट तीस हजारांची. कमी पडले नऊ हजार.

इथं खरी परीक्षा होते. ऐंशीवा दिवस उजाडतो, मोबाइलवर मेसेज येतो, “तुम्ही बक्षिसापासून फक्त नऊ हजार दूर आहात.” ‘फक्त’ हा शब्द बघा कसा घालतात! मग ताई म्हणते, मिक्सर जुनाच झालाय, आखाजीला लेक येणार आहे, तिला साडी घेऊन टाकू. नऊ हजारांची खरेदी होते आणि अट पुरी होते. घरात सगळ्यांना वाटतं, हजार रुपये कमावले.

कमावले का? फायदा ४११ चा, आणि त्यासाठी नको असलेले नऊ हजार खर्च झाले. आपल्या अहिराणीत मी एकच प्रश्न विचारायला सांगते, “हाऊ पैसा कोना शे?” हा पैसा कुणाचा आहे? खात्यात असलेला माझा, की पुढच्या महिन्यात येईल अशी आशा असलेला? आशेवरचा असेल तर पुढं वाचू नका, कार्ड परत पाकिटात ठेवा.

हीच गोष्ट दुकानात पण चालते. दोन हजारांच्या खरेदीवर सोडतीचं कुपन. नऊशे नव्व्याण्णवच्या पुढं घरपोच माल फुकट. सातशेचं सामान घ्यायला गेलेली बाई पन्नास रुपये वाचवायला तीनशेचं जास्त घेऊन येते. कार्डवाल्यानं नवीन काही शोधलेलं नाही, आकडा तेवढा मोठा केला.

अटीच्या पोटातल्या अटी

आता बारीक अक्षरांकडे येऊ. घरात चष्मा असेल तर चष्मा लावा, नसेल तर कॉलेजातल्या पोरीला वाचायला बसवा.

पहिली गोष्ट, सगळा खर्च अटीत धरत नाहीत. पेट्रोल-डिझेल, घरभाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, हप्त्यावर घेतलेली वस्तू, कार्डावर काढलेली रोकड हे बऱ्याच कार्डांवर वगळलेलं असतं. काहींवर सोनं आणि विम्याचा हप्ताही वगळतात. तुम्ही मोटारसायकलचं पेट्रोल धरून तीस हजार मोजाल आणि बँक सव्वीसच मोजेल.

दुसरी, दिवस कधीपासून मोजायचे? बहुतेक वेळा कार्ड मंजूर झालेल्या तारखेपासून. हातात यायला आठ-दहा दिवस गेले तर ते तुमचेच गेले.

तिसरी, वस्तू परत केली की तो खर्च वजा होतो. अट पुरी करायला साडी मागवायची आणि मग परत पाठवायची, असला शहाणपणा चालत नाही.

चौथी, दुकानदार कार्डाला दोन टक्के वर मागतो का ते आधी विचारा. तीस हजारांवर दोन टक्के म्हणजे सहाशे रुपये. वर आपण ४११ चा फायदा काढला होता. तो गेला, उलट १८९ चा खड्डा पडला.

पाचवी, पॉइंट म्हणजे रुपये नव्हेत. समजा शंभर रुपयांना एक पॉइंट, आणि एका पॉइंटचे पंचवीस पैसे. वीस हजारांच्या खर्चावर दोनशे पॉइंट, त्याचे पन्नास रुपये. मेसेजमध्ये ‘२०० पॉइंट’ वाचायला किती छान वाटतं!

बक्षीस कोण देतं?

मागच्या सभेत एका ताईनं चांगलं विचारलं होतं, की बँक आपल्याला हजार रुपये का देते, तिला काय परवडतं? तर ऐका. आपण कार्ड घासलं की दुकानदाराच्या रकमेतून थोडा हिस्सा कापला जातो, तो एक. वार्षिक फी दुसरी. आणि तिसरं, ज्यांना बिल वेळेत भरता येत नाही त्यांचं व्याज आणि दंड. शंभर जणींना बक्षिसाचा आकडा दाखवला तर त्यातल्या काही जणी आकड्याच्या मागे धावून तोल घालवणार, हे कार्डवाल्याला ठाऊक असतं. जी सावध राहते तिच्या बक्षिसातला काही भाग जी घसरते तिच्या खिशातून आलेला असतो. दोघी आपल्याच गटात असू शकतात, हे विसरू नका.

दुसरा ‘किमान’: भरण्याची रक्कम

महिना संपला की बिल येतं. त्यावर दोन आकडे असतात. एक ‘एकूण देय’ आणि दुसरा ‘किमान देय’, म्हणजे मिनिमम ड्यू. समजा एकूण वीस हजार आणि किमान हजार. बाईला वाटतं, वा, हजारच भरायचेत!

करा हिशोब. वीस हजारांवर साडेतीन टक्के व्याज, सातशे रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, १२६ रुपये. झाले ८२६. तुम्ही भरलेल्या हजारातून मुद्दलात फिटले १७४. वीस हजारांतून एकशे चौऱ्याहत्तर! असंच भरत राहिलं तर बिल फिटायला वर्षंच्या वर्षं जातील. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं हा इशारा बिलावर छापावाच लागतो. तो वाचणारं कुणी नसतं, एवढंच.

आणखी एक. एकदा बिल पूर्ण भरलं नाही की नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. एरवी खरेदीच्या तारखेप्रमाणं पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत व्याज नसतं. थकबाकी राहिली की आज घेतलेल्या तेलाच्या डब्यावर आजपासूनच व्याज चालू. आणि एटीएममधून कार्डावर रोकड काढली तर बिनव्याजी मुदत मुळातच नाही. पहिल्या दिवसापासून व्याज, वर काढण्याची फी वेगळी. क्रेडिट कार्डानं रोकड काढायची नाही, हा नियमच करून टाका.

या व्याजाला सरकारनं मर्यादा घातली असेल, असं कुणाला वाटत असेल तर तेही सांगते. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं की थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. पण २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. त्यामुळं तुमच्या कार्डाचा दर तुमच्या कागदावर जो लिहिलाय तोच. सही करण्याआधी तो आकडा वाचायचा.

आता आपल्या ताईकडे परत येऊ. तिनं घेतलेले मिक्सर-साडीचे नऊ हजार बिलात थकले. महिन्याचं व्याज ३१५, जीएसटी धरून ३७२ रुपये. एका महिन्यात ४११ चा फायदा जवळपास संपला. दुसऱ्या महिन्यात ती तोट्यात. तेच नऊ हजार तिनं गटातून दीड-दोन टक्क्यांनी उचलले असते तर महिन्याला १३५ ते १८० रुपये व्याज, आणि ते व्याज गटातच राहून तिच्याच वाट्याला परत आलं असतं. बँकेकडून गटाला तीन लाखांपर्यंत सात टक्के वर्षाच्या दरानं मिळणारं कर्ज तर आणखी स्वस्त. घरात स्वस्त विहीर असताना बाहेरचा महाग टँकर कशाला?

मग बक्षीस घ्यायचंच नाही का?

घ्यायचं की! पण खर्च आधी ठरवायचा, बक्षीस मागून आलं पाहिजे. ज्या ताईंकडे नियमित उत्पन्न आहे, शिवणकाम चांगलं चालतं, दुकान आहे, घरात पगार येतो, त्यांनी असं करावं.

एक. वहीत पुढच्या तीन महिन्यांचा ठरलेला खर्च लिहा. जो कार्ड नसतं तरी होणारच होता तोच. त्याची बेरीज अटीपेक्षा जास्त आली तरच ते कार्ड आपल्या मापाचं. कमी आली तर बक्षीस विसरा.

दोन. वेळ साधा. आपल्याकडे खर्चाचे महिने ठरलेले आहेत. जूनमध्ये बियाणं, खत, शाळेची दप्तरं-गणवेश. श्रावणात कानबाई. मग दिवाळी. मेच्या शेवटच्या आठवड्यात कार्ड मंजूर झालं तर नव्वद दिवस ऑगस्टपर्यंत जातात, पेरणी आणि शाळा दोन्ही त्यात बसतात. फेब्रुवारीत घेतलं तर अट पुरी करायला खोटा खर्च शोधावा लागेल. कृषी सेवा केंद्रवाला कार्ड घेतो का, वर टक्के मागतो का, हे मात्र आधी विचारून ठेवा.

तीन. आधी डबा, मग कार्ड. म्हणजे कार्डानं बाराशेचं सामान घेतलं की त्याच दिवशी बाराशे रुपये वेगळे काढायचे. बचत खात्यात टाका नाहीतर डब्यात ठेवा, पण त्याला हात लावायचा नाही. बिल येईल तेव्हा पैसे तयार. यूपीआयला कार्ड जोडलं असेल तर हे दुप्पट गरजेचं, कारण एकाच ॲपमध्ये बँक खातं आणि कार्ड शेजारी-शेजारी दिसतात. कोणत्या खिशातून गेले ते कळत नाही. पिन टाकण्याआधी वर कोणतं नाव आहे ते वाचा.

चार. बिल पूर्ण भरायचं, शेवटच्या तारखेच्या चार-पाच दिवस आधी. नेट नसतं, सुट्टी येते.

पाच. वार्षिक फीच्या मागे धावू नका. पन्नास हजारांची अट आहे, चव्वेचाळीस झालेत, वर्ष संपत आलंय. ५८९ वाचवायला सहा हजार खर्च करायचे का? फी भरा, नाहीतर बिल चुकतं करून कार्ड बंद करा.

गटासाठी तीन गोष्टी

आता जरा अवघड विषय. दोन-तीन गावांतून असं कानावर आलंय की एका ताईची अट पुरी व्हावी म्हणून शेजारणींनी आपली खरेदी तिच्या कार्डावर केली. “तू घास, आम्ही रोख देतो.” पहिल्या महिन्यात सगळ्यांनी दिले. दुसऱ्या महिन्यात कापसाचे पैसे अडकले, एकीच्या घरी आजारपण आलं, दोघींचं राहिलं. बिल मात्र कार्ड ज्या ताईच्या नावावर तिलाच आलं. नाव तिचं खराब होणार, आणि आता बैठकीत तिघी एकमेकींशी बोलत नाहीत. हजाराच्या व्हाउचरपायी बारा वर्षांचा गट अवघडून बसलाय. म्हणून प्रभागसंघापुढं मी तीन सूचना ठेवते.

पहिली, कुणी कुणाला कार्ड किंवा पिन द्यायचा नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही.

दुसरी, गटाचा माल, म्हणजे पापडाची उडीदडाळ असो की मसाल्याची मिरची, कुणा सभासदाच्या खाजगी कार्डावर घ्यायचा नाही. पंचसूत्रीतली पाचवी गोष्ट काय? नियमित हिशोब. गटाचा पैसा गटाच्या खात्यातून गेला तरच ऑडिटला टिकतो. एकीला पॉइंट आणि बाकीच्यांना शंका, असं नको.

तिसरी, “कार्ड घासून रोख देतो, दोन टक्के काढून घेतो” असं म्हणणाऱ्याकडे जायचं नाही. ते कार्डाच्या नियमात बसत नाही, आणि ते महागडं कर्जच आहे.

थकलेलं कार्ड पुढच्या कर्जाच्याही आड येतं. क्रेडिट ब्युरोच्या अहवालात ते दिसतं. घरकुलाला किंवा लेकाच्या शिक्षणाला कर्ज मागायला गेलात की बँक मॅनेजर आधी तोच उघडतो. हा अहवाल प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. सगळ्यांनी एकदा काढून बघा. बँक सखीताई मदत करतील.

आपले हक्क

रिझर्व्ह बँकेचे नियम आपल्या बाजूनं आहेत, ते माहीत असू द्या. तुम्ही मागितलं नसेल तर कार्ड पाठवता येत नाही. आलेलं कार्ड तुम्ही ३० दिवसांत चालू केलं नाही तर बँकेनं ओटीपीनं तुमची संमती मागायला हवी, आणि ती दिली नाही तर काहीही पैसे न घेता ते खातं बंद करायला हवं. थकबाकी नसेल आणि तुम्ही कार्ड बंद करायला सांगितलं तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं पाहिजे, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये त्यांनी तुम्हाला द्यायचे. बँक ऐकत नसेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी नंबर १४४४८.

आणि “तुमचे पॉइंट आज रात्री संपणार, लिंक दाबा” असा मेसेज आला तर दाबू नका. ओटीपी सांगू नका. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

जाता जाता

आपल्या अमळनेरची एक गोष्ट जगाला माहीत आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीनं इथं वनस्पती तुपाचा कारखाना घातला, तीच पुढं विप्रो झाली. गावातल्या कितीतरी साध्या घरांनी तिचे शेअर घेतले आणि ठेवून दिले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना त्याचं मोल मिळालं. शेअर घ्या असं मी म्हणत नाही, त्यात बुडणारेही असतात. पण त्या घरांनी जे केलं ते स्वतःच्या शिल्लक पैशातून, आणि खर्चाचा मोह टाळून. आपल्या गटाची आठवड्याची बचतही त्याच जातीची आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीला एवढं करा. ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी शेवटचं बिल घेऊन या, कार्डाचा नंबर झाकून. आपण मिळून तीन आकडे शोधू: व्याजाचा दर, एकूण देय आणि फी. ज्यांच्याकडे कार्ड नाही आणि घ्यायचा विचार आहे त्यांनी तीन महिन्यांच्या ठरलेल्या खर्चाची यादी आणा. आणि मघाच्या तीन सूचना ठराव म्हणून मांडायला सचिवताईंनी परवानगी द्यावी, ही विनंती.

 आता प्रश्न विचारा.

(भाषणानंतर तिन्ही सूचना चर्चेला घेण्यात आल्या. पहिल्या दोन एकमताने मंजूर झाल्या. तिसरीवर “अडचणीच्या वेळी बाईनं रोख आणायची कुठून?” असा प्रश्न निघाला. त्यावर तातडीच्या अंतर्गत कर्जासाठी प्रत्येक गटाने काही रक्कम राखून ठेवावी, अशी जोड देऊन तीही मंजूर झाली. रक्कम किती असावी हे ग्रामसंघांनी पुढील बैठकीत ठरवून कळवायचे आहे.)